एका हाताची नावाडीण

वासंती,

शनिवार येतो आहे आणि मला भीती वाटते आहे.

बाकीचे दिवस मी कसेतरी ढकलतो. सकाळी दूध घेतो. शेजारच्या बंगाली बौदी डबा पाठवतात, तो धुऊन पुसून परत करतो. दुपारी गॅलरीत बसून बालीगंज स्टेशनात शिरणाऱ्या गाड्या ऐकतो. भेटायला येणारे थांबले, कार्य उरकलं, पाहुणे पुण्याला परतले. तुझा फोटो कुठल्या भिंतीवर लावायचा यावर आपल्या लेकीचं, शुभाचं आणि माझं अजून एकमत नाही. हे सगळं जमतं. पण शनिवारी चार वाजता बेल वाजेल, तीन मुलं चपला काढून आत येतील, सतरंजी आपली आपणच पसरतील आणि माझ्याकडे बघत बसतील. ते मला जमणार नाही.

"शनिवार मोडू नका," हॉस्पिटलात तू एवढंच म्हणालीस. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणूस दोघांचं काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. तू मुलांचं बोललीस. मी मान हलवली. त्या खोलीत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तुझा शनिवार मी कायम दाराआडूनच ऐकला. इथे बंगाली मुलखात वाढणाऱ्या आपल्या लोकांच्या मुलांची मराठी आधी उंबऱ्याच्या आत राहते आणि मग आतही अडखळू लागते, म्हणून तू ही बैठक सुरू केलीस. आधी शुभाची रेवा, मग डमडमहून वडिलांबरोबर मेट्रोने येणारी इरा आणि ओजस. चार ते पाच फक्त मराठी. ज्याच्या तोंडून इंग्रजी किंवा बांगला शब्द निसटेल, त्याच्या चिवड्यातले शेंगदाणे इरा वेचून घेणार. एकदा तूच "ॲक्चुअली" म्हणालीस आणि निमूट वाटी पुढे केलीस.

आणि गोष्ट. सात बेटांची ती इंग्रजी गोष्ट, पाच जाडजूड भागांची, जिच्यासाठी जगभरची मुलं वेडी झाली होती. पहिला भाग मीच आणला होता, हे तू मला कधी विसरू दिलं नाहीस. पेन्शनच्या कामासाठी एस्प्लनेडला गेलो होतो, तिथल्या फुटपाथवरून उचलला. प्रत्येक बेटावर एक घंटा. ती रोज वाजली नाही तर समुद्र बेट गिळतो. दोन भावंडं हरवलेली सातवी घंटा शोधायला निघतात. तू पुस्तक मांडीवर उघडं ठेवायचीस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ओळीकडे बघायचीस, मराठीत बोलायचीस, पान उलटायचीस. मी आतल्या खोलीत पेपर धरून. मला तुझी पाठ दिसायची आणि तुझ्या डाव्या बाजूला चिकटलेली रेवा. ती जागा तिने कधी कुणाला दिली नाही. तिचा डावा हात, तो जन्मापासूनचा थिटा हात, बोटांच्या जागी नुसत्या कळ्या असलेला, ती पुस्तकाच्या खाली घालून बसायची. पुस्तकाला टेकू दिल्यासारखा.

मग त्या लेखकाची ती मुलाखत आली.

आपल्या स्वयंपाकघरात शुभाने फोन माझ्यापुढे धरला. व्यंग असलेली मुलं जन्माला येऊ देणं ही दया नाही, क्रूरता आहे, आणि हे मोठ्याने बोलायचं धैर्य समाजात उरलेलं नाही, असं तो म्हणत होता. चिडून नाही. चहाचा कप हातात धरून, हसतमुखाने. त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटली.

"आई, हा माणूस रेवाबद्दल बोलतोय," शुभा म्हणाली.

तू कणीक मळत होतीस. "तो रेवाला ओळखत नाही," तू म्हणालीस आणि कणकेला तेलाचा हात लावलास.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणालो, ही पुस्तकं घराबाहेर. तू म्हणालीस, गोष्टीने काय घोडं मारलंय?

"आत्याबाईंचे बेसनाचे लाडू दर दिवाळीला येतात," तू म्हणालीस. "खाता की नाही?"

"खातो."

"एका बैठकीत दोन खाता."

तुझा रोख मला कळला. रेवा झाली तेव्हा साताऱ्याहून माझ्या आत्याचा फोन आला होता. बाळ कसं आहे, शुभा कशी आहे, काही नाही. "ग्रहणात पोरीने काही चिरलं-बिरलं होतं का रे?" एवढंच. मी फोन बंद करून नर्सिंग होमच्या जिन्यात बसून राहिलो होतो.

"लाडवात ग्रहण नसतं, वासंती," मी म्हणालो. "पुस्तकात असतं. लिहिणाऱ्याचं मन तिथे उतरल्याशिवाय राहत नाही."

"वाचलंय?"

"नाही. आणि वाचणारही नाही."

"मग आधी वाचा, मग बोला. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ..."

"हा ऋषी नव्हे."

"आणि तुम्ही न्यायाधीश नव्हे. पोळी घ्या."

हे पुढे किती जेवणांना पुरलं! माझ्या उशाशी असते त्या जुन्या कादंबरीच्या लेखकाने बायकोला माहेरी टाकलं होतं, हे तू कुठूनतरी शोधून काढलंस. मी म्हणालो, त्याचा राग माझ्या नातीवर नव्हता. "कुणाच्या तरी नातीवर होता की," तू म्हणालीस. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. पण उत्तर सुचत नाही म्हणून माणसाची भीती जात नाही, हे तुला कधी पटलं नाही. मला वाटायचं, विष थेंबाथेंबाने उतरतं. आज एक शब्द, उद्या एक चित्र. पोर पंधरा-सोळाची झाली की एक दिवस आरशासमोर उभी राहील, आणि आपण कुणी तिला कधी न बोललेलं वाक्य तिच्या डोक्यात कुणीतरी आधीच ठेवून गेलेलं असेल. तू तेव्हा हसायचीस. "आधी वाचा," हेच परत.

म्हणून तू गेल्यावर मी वाचायला बसलो. शनिवार मोडायचा नाही तर शेवटच्या भागातलं उरलेलं मला सांगावं लागणार, आणि आधीचे चार वाचल्याशिवाय ते कसं सांगणार? जेवणाच्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात, सावकाश. तुला माझा वेग ठाऊक आहे.

पहिली भीती वाटली ती सौंदर्याची. तिसऱ्या बेटाजवळ वादळ होतं ते प्रकरण मी दोनदा वाचलं. पाणी काळं पडत जातं, दूरवरची घंटा ऐकू येईनाशी होते, आणि धाकटी बहीण भीती घालवायला घरातल्या भांड्यांची नावं एकेक करून घेत राहते. इतकं सुंदर ते असायला नको होतं. जो चहा पिता पिता तसं बोलला, त्याच माणसाने त्या मुलीची भीती इतक्या मायेने कशी लिहिली? तो खोटारडा असता तर सोपं होतं. मला वाटतं, तो दोन्हीकडे खरा आहे. ह्याचं काय करायचं ते मला कळत नाही, आणि विचारायला तू नाहीस.

मग मी तिला शोधू लागलो. तुझी नावाडीण. मुलांना सगळ्यात प्रिय, रेवाला तर फारच. एका हाताची नावाडीण. वल्हं दोरीने कोपराला बांधते, दाताने गाठ घट्ट करते आणि तोंडाने शिव्या देत भावंडांना एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेते. तिच्या शिव्या ऐकून मी दाराआड कितीदा हसलो होतो! "अरे मेल्या समुद्रा, तुझ्या लाटा तुझ्याच घरात ठेव!" दुसऱ्या भागात नाव आली. नावाडीही आला. म्हातारा, घुम्या, दोन्ही हात धड असलेला. चार ओळी बोलतो आणि पुढच्याच प्रकरणात तापाने मरतो.

मी पानं मागे-पुढे केली. चष्मा पुसला. ती कुठेच नव्हती.

आणि थिटा हात होता. तो चौथ्या भागात होता. घंटेचा राखणदार, जो शेवटी सगळ्यांना दगा देतो, त्याचा डावा हात जन्मापासून वाळलेला. त्याच्याबद्दल एक वाक्य आहे: ज्याचा हात अर्धा, त्याचं मनही अर्धं, आणि समुद्राला हे माणसांच्या आधी कळतं. वाक्य म्हणून चांगलं आहे. लय आहे. ते वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं.

मला आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. दाराआडून ऐकलेलं, अर्धं लक्ष पेपरात, हल्ली नावं विसरतो, तसंच हे. म्हणून मी डमडमला फोन लावला. इराने उचलला.

"इरा, गोष्टीत तो घंटेचा राखणदार आहे ना, त्याचा हात कसा होता गं?"

"छान होते ना दोन्ही! अंगठ्या घालायचा. आजी म्हणायची, हात इतके सुंदर की लोक तोंडाकडे बघायचंच विसरायचे." मग थोडं थांबून, "का आजोबा? तुम्हाला येत नाही का गोष्ट?"

"वाचतोय," मी म्हणालो.

म्हणजे तू करत होतीस. मांडीवरच्या पानाकडे बघत, वेळेवर पान उलटत, तू वेगळंच सांगत होतीस. त्या माणसाचा हात काढून त्याला अंगठ्या दिल्यास, आणि तो हात नावाडिणीला. पुस्तकात कुठे पेन्सिलीची रेघ नाही, कोपरा दुमडलेला नाही. सगळं डोक्यात. जेवताना माझ्यासमोर त्या पुस्तकाची बाजू घ्यायचीस आणि शनिवारी त्याच्याशीच भांडायचीस. मग आपल्या भांडणात कोण बरोबर होतं, वासंती? ग्रहण होतंच की त्यात. आणि तुला ते माझ्याआधी दिसलं होतं. "आधी वाचा" हा मी टोमणा समजत आलो. आता वाटतं, तुला सोबत हवी होती का?

त्या दुपारी मी खूप वेळ तुझ्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होतो. आधी रागाने, मग रागाशिवाय. तू फसवलंस मला. किती सुंदर फसवलंस!

पण भीती कमी झाली नाही, वाढली. आता माझ्याजवळ दोन गोष्टी आहेत, एक छापलेली आणि एक तुझी, आणि रेवा अकरा वर्षांची आहे. मराठीत अडखळते, पण इंग्रजी पुस्तक दोन दिवसांत संपवते. आज ना उद्या ती हे भाग उघडणार. नावाडीण शोधणार. तिला ती सापडणार नाही. आणि आपला हात सापडेल, पण तो कुणाच्या अंगावर? तेव्हा ती काय समजेल? की आजीने खोटं सांगितलं? की आजीला तिची कीव आली?

पाचवा भाग उघडताना तुझ्या औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी खाली पडली. खूण म्हणून घातली होतीस, शेवटून तिसऱ्या प्रकरणात. तिथून पुढे काय आहे ते मी वाचलं. राखणदाराला लोक कड्यावरून समुद्रात ढकलतात, समुद्र शांत होतो, मोठा भाऊ दोन्ही हातांनी सातवी घंटा वाजवतो. सगळे आनंदाने रडतात. तू तिथे थांबली होतीस. दमून की अडून? शेवटच्या महिन्यांत तुझा समुद्र संपता संपत नव्हता; मुलं पलंगाभोवती बसायची आणि नावाडीण शनिवारमागून शनिवार वल्हवतच राहायची. मला वाटलं, आजारपणामुळे तुला पुढचं आठवत नाही. तुला पुढचं चांगलंच माहीत होतं.

गुरुवारी शुभा ऑफिसमधून सॉल्ट लेकहून थेट इकडे आली, वाटेत रेवाला घेऊन. टेबलावर पाचही भाग बघून तिचा चेहरा बदलला.

"बाबा, आईसाठी मी गप्प बसले. आता ही देऊन टाकू या."

ज्याच्यासाठी मी इतकं भांडलो ते ती माझ्या हातात ठेवत होती. आणि माझ्या तोंडून 'हो' निघेना. "शनिवार होऊ दे," मी म्हणालो.

"शनिवारी काय आहे? तुम्ही सांगणार? तुम्ही?" ती हसली आणि मग तिला रडू आलं. तू गेल्यापासून ती पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली. तिला तुझं गुपित सांगावं असं मनात आलं, पण आतून रेवा आली.

"आजोबा, ते शेवटचं मला द्या. मी आधी बघते."

"का गं?"

"तुम्ही फार हळू वाचता."

"शनिवारनंतर," मी परत म्हणालो आणि पुस्तकावर हात ठेवला.  ती परत आत गेली.

*

इथवर लिहून ठेवलं होतं. आज रविवार आहे. शनिवार होऊन गेला.

चिवडा मीच केला. कढीपत्ता जळला. ओजसने तोंडात टाकला आणि म्हणाला, "आजोबा, हा बाजे झालाय!"

"बाजे बांगला आहे, वाईट म्हण! शेंगदाणे काढ," इरा म्हणाली.

"घे. जळलेलेच आहेत."

हसले सगळे. मीही. तेवढ्यापुरती भीती गेली. मग मी तुझ्या खुर्चीत बसलो आणि रेवा उठून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. हे मी गृहीत धरलं नव्हतं. मला वाटलं होतं, ती आता समोर बसेल. पाचवा भाग उघडला तसा तिने हात खाली घातला. पुस्तक जड आहे. त्या टेकूचा उपयोग होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तुझ्या खुणेच्या प्रकरणात सुरुवातीलाच राखणदार किनाऱ्यावर वाट बघत उभा असतो. त्याचा हात, आणि ते वाक्य, लेखकाने तिथे पुन्हा लिहिलं आहे. माझी तयारी होती. "तो उंच होता," मी सुरुवात केली. आवाज माझा मलाच ऐकू येईना. "उंच होता. आवाज गोड. बोटांत अंगठ्या..."

"किती अंगठ्या?" ओजस.

"पुष्कळ. उन्हात चमकत होत्या."

"आणि नावाडीण? ती उतरली का नावेतून?"

तिथे मी अडलो. छापलेल्या पानावर नावही नव्हती. भावंडं एकटीच वाळूवरून चालत होती. नावाडिणीला बसायला त्या पुस्तकात जागाच नव्हती, आणि तुझ्यासारखं न बघता बघणं मला येत नाही. माझे डोळे त्या वाक्यावर खिळले होते. आणि मग मला दिसलं की रेवाचे डोळेही पानावर आहेत. डावीकडून उजवीकडे, खालच्या ओळीवर, पुन्हा डावीकडून उजवीकडे. ती वाचत होती. ते वाक्य आलं तिथे तिचे डोळे थांबले नाहीत. पुढे गेले.

 पुस्तक मिटावं, ओळीवर तळहात ठेवावा, काहीतरी करावं. मला हलताच येईना.

तिने तोंड माझ्या कानाजवळ आणलं.

"आजोबा, पान उलटा ना," ती हळूच म्हणाली. "आजी वेगळं सांगत असली तरी मधून मधून उलटायची. नाहीतर या दोघांना कळतं."

वासंती, तुझ्या कुशीला चिकटून ती इतके शनिवार काय करत होती ते मला दाराआडून कधी दिसलं नाही. तुला दिसलं होतं का? तू तिच्यापासून लपवत होतीस, की तुम्ही दोघी मिळून बाकीच्यांपासून? तिला विचारायचं धाडस मला झालेलं नाही. शेवट काय करायचा, घंटा कोण वाजवणार, त्या कड्यावर काय होणार, यातलं काहीच मला ठाऊक नाही. घरी जाताना रेवा पाचवा भाग घेऊन गेली. शुभाने पाहिलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या पिशवीत जागा करून दिली. भीती आहेच. आज सकाळपासून फोन वाजला की दचकतो.

पण ते नंतरचं. तेव्हा ओजस गुडघ्यांवर उभा राहून ओरडत होता, "सांगा ना, नावाडीण कुठंय?"

मी पान उलटलं.

"आहे ना," मी म्हणालो. "ती कुठे जाते? दोरी घट्ट करते आहे."